चुना

आमच्याकडं चुना लावणं म्हणजे फसवणं,
हे मी ब्रॉनवेन प्रॉबर्टला सांगितलं
तेव्हा ती शिडीवर होती,
आणि हसता हसता तिच्या थापीवरचा गोळा
खाली माझ्या हायड्रेंजियावर पडला.

हेरफर्ड. नदीपासून सात मिनिटं.
१८९१ची विटांची भिंत, तोंड पश्चिमेला,
म्हणजे वेल्सकडून येणारा पाऊस
गावात शिरण्याआधी हिच्या अंगावर.
आधीच्या मालकानं सांधे सिमेंटनं बुजवले.
पंचवीस वर्षांची लेखी हमी फाईलमध्ये अजून आहे.
हमीच्या नवव्या वर्षी
कपाटातल्या शब्दकोशाला बुरशी आली,
'च'पासून 'झ'पर्यंतची पानं एकमेकांना चिकटली.

आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला दार हवं, ती म्हणाली.
नसलं की ते विटेतून वाट काढतं,
जानेवारीत गोठतं, फुगतं,
विटेचा चेहरा सोलून टाकतं.
बोटानं दाखवलं तिनं:
सिमेंटच्या रेघा ताठ, जशाच्या तशा,
मधल्या विटा पोखरलेल्या.
दात किडले, तार शाबूत.

सांधा विटेपेक्षा मऊच हवा.
झिजायचं तर त्यानं झिजायचं.
शंभरएक वर्षांनी कुणीतरी येईल,
खरवडेल, परत भरेल.
'कुणीतरी' म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.
ती बासष्टची, मी एकोणपन्नासची,
हिशेब दोघींनाही येतो.

हृषीकेशनं कोटेशन दोनदा वाचलं.
तिप्पट पैसे. सहा आठवडे. दंव पडायच्या आत.
म्हणाला, आपण इथं राहणार तरी किती?
मी उत्तर दिलं नाही,
केटल लावली.

चुन्याला घाई नसते.
भट्टीत गेलेली हवा तो घोटाघोटानं परत घेतो,
पुन्हा दगड होत जातो.
तोवर त्याला उन्हात, वाऱ्यात एकटं सोडायचं नाही.
माठाला गुंडाळतात तसं
अख्ख्या भिंतीला ओलं गोणपाट,
आणि रोज संध्याकाळी मी,
हातात गुलाबांचा फवारा.

शेजारचे मिस्टर टिमिन्स
कुंपणावरून विचारतात, काय पेरलंयस?

चुना लावलाय, मी मराठीत म्हणते,
आणि पुढच्या रांगेवर पाणी मारते.