उलटे हेडफोन

अँब्रोजचा डावा कान
एक्क्याऐंशी साली ट्रॉलरच्या इंजिनानं खाल्ला.
उरलेल्या एकावर तो दुकान चालवतो,
सेंट जॉन्सच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याला,
टायरवाल्याच्या मागच्या अंगाला.

रात्रपाळी संपवून मी गुरुवारी तिथं जाते.
गुरुवारी खोकी येतात,
बर्फानं ओली, कोपरे चेपलेली.
मासे साफ करायच्या सुरीनं तो ती उघडतो,
तितक्याच हलक्या हातानं,
आणि पहिला वास मला देतो:
पुठ्ठा, शाई, कुणाच्या तरी तळघरातली ओल.

आज वरच एक पंकचा अल्बम.
हॅलिफॅक्सच्या तीन पोरी, अकरा गाणी, सतरा मिनिटं,
एकही गाणं जाताना दार लावत नाही.
"सूर लावायला शिकवा कुणीतरी यांना," मी म्हटलं.
"नको," अँब्रोज म्हणाला. "मग खरं बोलायच्या थांबतील."

मागच्या खेपेला रॉक होतं. लांबलचक.
पावणेनऊ मिनिटं नुसता ड्रम,
धुक्यात कुणी आपलं घर शोधत हिंडावं तसा.
मला नाही आवडलं.
मग बसमध्ये आठवलं.
मग आवडलं.

या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायची
अँब्रोजला सोयच नाही.
आत गेलं ते आतच राहतं.
म्हणून असेल, नवं काही लावताना
तो जरासा घाबरलेला दिसतो,
अनोळखी माणसाला रात्री घरात घ्यावं तसा.

खोक्याच्या तळाशी लोकगीतं.
कुठल्याशा बेटावरच्या दोन बहिणी,
एक अ‍ॅकॉर्डियन,
आणि खुर्चीची करकर, जी कुणी पुसली नाही.
त्यानं हेडफोन चढवले. डोळे मिटले.
"छान गाते," म्हणाला. "एकटीच."
मी कव्हर पुढे केलं.
फोटोत दोघी होत्या, धाकटी जरा हललेली.

मग त्यानं हेडफोन काढले,
उलटे केले,
डावीकडचा उजव्या कानावर,
आणि सुई पुन्हा पहिल्या रेघेवर ठेवली.

बाहेर बर्फ खरवडणारी गाडी गेली.
माझा चहा निवला.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
"ही तर तिला उत्तरं देतेय.
गाणंभर.
आणि थोरली एकदाही थांबून ऐकत नाही."

मी पैसे काढले, तर घेईना.
"थांब, अजून एकदा,"
आणि हेडफोन परत सुलटे केले,
थोरलीला आता तरी कळलंय का
ते बघायला.