अकरावी ओळ

अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात, मागच्या खोलीत,
जिथं आधी बॉबिनच्या गोण्या असायच्या,
तिथं आता माझं टेबल, एक पंखा
आणि दुपारी बाराच्या पत्र्यासारखं तापणारं मशीन.

आई शेजारणीला सांगते, पोरगी कंप्युटरात डबे भरते.
चूक नाही म्हणा.
तळाला पायथॉन, ठरलेल्या आवृत्तीचा,
वर लायब्रऱ्या, एकमेकींशी पटणाऱ्या तेवढ्याच,
कुठलं फोल्डर कुठं जोडायचं, मेमरी किती,
ग्राफिक्स कार्ड द्यायचं की नाही,
सगळं एका फाइलीत लिहायचं
आणि काळ्या खिडकीत एक शब्द टाइप करायचा: उभा कर.
डबा उभा राहतो.
दुसरा शब्द: पाड.
पडतो, मागं काही न ठेवता.
माणसांना हे जमत नाही, असं मी एकदा घरी बोलले
आणि ते जेवण फार शांततेत झालं.

डब्यातलं मॉडेल टॉवेल बघतं.
सुटलेला धागा, तुटका बाणा, तेलाचा डाग.
चिलवेरीकाकांना हे नुसत्या हातानं कळतं,
पण काकांची सत्तरी उलटली,
आणि टॉवेल दिवसाला आठ हजार.

राजमल्लू चिलवेरी. जेकार्डचे पत्ते पंच करायचे.
मोराच्या एका डोळ्याला किती भोकं, तोंडपाठ.
पत्त्यांच्या माळा आता पोटमाळ्यावर धूळ खातात,
काका मात्र येतात,
खुर्ची ओढून माझ्या मागं बसतात,
कडक भाकरी मोडतात, कीबोर्डापासून लांब धरून.

त्या दिवशी डबा उभाच राहीना.
टूल म्हणे, चौदाव्या ओळीत चूक.
चौदावी ओळ मी नऊ वेळा वाचली.
"घरच्या लॅपटॉपवर चालत होतं,"
हे वाक्य मी मोठ्यानं म्हटलं;
आमच्या धंद्यात असं म्हणणाऱ्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

काका पुढं झुकले.
इंग्रजी त्यांना येत नाही.
बोट स्क्रीनच्या डाव्या कडेला टेकवून
सरळ खाली नेलं, माळ तपासतात तसं,
आणि अकराव्या ओळीशी थांबले.
"एम्मा, हे सरकलंय की."

एक मोकळी जागा. एकच कमी.
फोल्डर जोडायची ओळ आपलं घर सोडून
शेजारच्या घरात जाऊन बसलेली,
आणि बोंब तीन घरं पुढं.

काका सांगायला लागले, सत्याऐंशी साली
एक पत्ता उलटा शिवला गेला,
चाळीस चादरींवर मोर मान वळवून मागं बघत होता.
मालक बोलला, बोलला, आणि विकल्या.
पुढच्या महिन्यात व्यापाऱ्याची चिठ्ठी:
तसलेच मोर अजून पाठवा.

मी जागा टाकली. शब्द टाइप केला.
डबा अर्धा उभा राहिला आणि बसला:
ड्रायव्हर जुना.
"आता कुठली ओळ?"
ओळ नाही काका, आता मशीनच.
"मग फोरमनला बोलाव," म्हणाले, आणि भाकरीकडं वळले.
फोरमन मीच, हे त्यांना सांगायचं राहिलं.

चारला वीज गेली, साडेपाचला आली.
ड्रायव्हर चढवला. डबा उभा राहिला, पहिला टॉवेल नापास केला,
काकांनी तो घेऊन, चोळून बघितला, पास केला.
वाद अजून मिटलेला नाही.

रात्री फाइल जपून ठेवताना
वर एक ओळ घातली, पुढं जाळीचं चिन्ह देऊन,
म्हणजे टूल ती वाचत नाही, ओलांडून जातं:
अकरावी ओळ रा. चि. यांनी तपासली.