शेऱ्याचा रकाना

तेरा वर्षं मी पारोळ्याजवळच्या एका शाळेत
गणित शिकवलं. विनाअनुदानित.
म्हणजे वीस टक्के अनुदान यंदा येणार,
आणि यंदा म्हणजे पुढच्या वर्षीचं यंदा.
दिवाळीला चेअरमन पाकीट द्यायचे,
घर बायकोच्या बिबड्यांवर चालायचं.
गच्चीवर साड्या अंथरून ती ओळी घालायची,
सरळ. माझ्या फळ्यावरच्या ओळींपेक्षा सरळ.

मग जळगावच्या एका हॉटेलात
तीन दिवस गार हवेत प्रशिक्षण.
टाय लावलेला पोरगा म्हणाला,
पहिल्या हप्त्यावर कमिशन पस्तीस टक्के.
मी शेजारच्याला म्हटलं, काठावर पास.
तो हसला नाही.
तोही मास्तरच निघाला, शिरपूरचा, भूगोलाचा.

ओळखीच्या दोनशे जणांची यादी करा, पोरगा म्हणाला.
बाकीचे छताकडे बघत बसले.
मी न थांबता लिहीत गेलो,
आधी मुलं, मग मुली,
हजेरीपट जसा होता तसाच.
अनुक्रमांक चार, बाविस्कर. तो सुरतेला गेला.
अनुक्रमांक नऊ. त्याला मी एकदा
कर्कटक आणला नाही म्हणून तासभर उभं केलं होतं.
आता त्याच्या हार्डवेअरच्या दुकानात मी उभा राहतो,
गिऱ्हाईक संपेपर्यंत.
तो म्हणतो, बसा ना सर.
स्टूल एकच असतं.

मे महिन्यात अंमळनेरला गेलो. डांबर चपलेला धरत होतं.
अनुक्रमांक एकेचाळीस, सैंदाणे कल्याणी निंबा,
नवऱ्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान.
तांब्याची तार, व्हार्निशचा वास,
आणि हिशेबाची वही तिच्याच हातात.
"बठा सर. पानी ल्या."
मी माहितीपत्रक उघडलं, घोकलेलं बोललो:
वर्षाला चोवीस हजार, वीस वर्षं,
शेवटी साडेआठ लाख.
साडेआठ लाख म्हणताना थोडं थांबायचं असतं.
थांबलो.

तिने पत्रक उलटं केलं.
मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने
सहा टक्के धरून पाहिलं, मग साडेपाच,
मधल्या ओळी न गाळता,
बरोबरची चिन्हं एकाखाली एक.
पंखा गरगरत होता. तिचा नवरा
जळालेली मोटार खोलत खाली बसलेला.
"पाच पूर्णांक सात पडस, सर.
बँक सात देस.
हाई तुम्हीच शिकाडेल शे."

मी पाहिलं. चूक होती.
हप्ता तिने वर्षअखेरीला धरला होता,
आपण भरतो वर्षाच्या सुरुवातीला.
गप्प बसता आलं असतं.
पाच पूर्णांक सात ऐकायला तेवढंच बरं.
पण खिशात लाल पेन होतं,
आणि हात माझ्याआधी गेला.
इथे बघ, म्हटलं, प्रत्येक हप्त्याला
एक वर्ष जास्त मिळतं. पुन्हा कर.
तिने पुन्हा केलं. जीभ दातांत धरून,
नववीत धरायची तशीच.
पाच पूर्णांक दोन.
"मंग आखो कमी शे," ती म्हणाली,
आणि तोंडावर पदर धरून हसली.
मीही हसलो. नवरा वर बघायला लागला,
कोणाचं काय बुडालं ते त्याला कळेना.

चहा झाला. विचार करू, ती म्हणाली.
सगळेच म्हणतात. तिने खरंच केला होता.
परतताना बोरीच्या पुलावर गाडी थांबवली,
डायरी काढली. रोजचा अहवाल रोज लागतो.
भेटी: एक. विक्री: निरंक.
शेऱ्याचा रकाना असतो बोटभर.
लिहिलं: उत्तर बरोबर. पायऱ्या दाखवल्या आहेत.

रात्री टायवाल्याचा फोन.
सर, हे शेऱ्यात काय लिहिलंय?
म्हटलं, जुनी सवय आहे, खोडतो.
खोडलं नाही.
बायको बिबड्या मोजत होती, शेकड्याने.
मधेच चुकली,
आणि पहिल्यापासून मोजायला लागली.