छंद : सायकलिंग

स्थळाच्या कागदावर, तुझ्या वडिलांच्या टपोऱ्या अक्षरात :
उंची पाच सात, रंग निमगोरा,
छंद वाचन, सायकलिंग.
वाचन म्हणजे पेपरातलं राशिभविष्य
हे पहिल्याच महिन्यात कळलं.
सायकलिंगला बावीस वर्षं लागली.

लँकेस्टरला आलो. मी इस्पितळाच्या लॅबमध्ये,
तू कॉलेजच्या हिशेबखात्यात,
आणि तुझ्या पन्नाशीला मी
मॉरकमच्या एका म्हाताऱ्याकडून
जुनी, हिरवी, तीन गिअरची सायकल आणली.
तू तिच्याभोवती फेरी मारलीस,
बाजारात बैल बघावा तशी.
टायर दाबलंस. घंटी वाजवलीस.
मग म्हणालास, "निरू, मला येत नाही."

पुढे काहीच नाही. चहा टाकलास,
दोघांचा, नेहमीसारखा जास्त आल्याचा.

रविवारी चारला सुपरमार्केट बंद होतं.
त्या रिकाम्या पार्किंगमध्ये
साखळीने बांधलेल्या ट्रॉल्यांसमोरून
मी तुझं सीट धरून पळाले,
गुडघ्याची कुरकुर ऐकून न ऐकल्यासारखी करत.
हात न सांगता सोडायचा असतो म्हणतात.
पण आपल्यात न सांगितलेलं
आधीच बरंच साठलं होतं,
म्हणून मी सांगितलं : सोडतेय.
आणि तू पडलास.

तीन रविवार पडलास.
चौथ्या रविवारी चक्क वळलास,
पण फक्त उजवीकडे.

मे महिन्यात निघालो ग्लासन डॉकला,
लून नदीच्या काठाने,
जिथून पूर्वी आगगाडी जायची त्या सपाट वाटेने.
तू पुढे, दोन्ही मुठी ब्रेकवर.
कुत्र्यांना घंटी, त्यांच्या मालकांना सॉरी,
एका काटेरी कुंपणालाही सॉरी.
तुझी पाठ इतका वेळ सलग
मी कधी पाहिली नव्हती.
डाव्या खांद्याखाली ओला शर्ट,
मान ताठ, तोंडी परीक्षेला उभ्या पोरासारखी.
कानामागे एक केस
न्हाव्याच्या नजरेतून सुटलेला.

कॉन्डर ग्रीनला भरती चढली होती.
रस्त्याचा एक तुकडा पाण्याखाली,
त्यावर बदक, आपल्याच मालकीचा असल्यासारखं.
थांबणं आलं.
बाकावर डबा उघडला, धपाटे, लसणाची चटणी.
मी म्हटलं, "माझ्याही कागदावर
भरतकाम लिहिलं होतं. आणि मी आजवर..."
"ठाऊक आहे," तू म्हणालास, चटणी पुसत.
"आपल्या घरात गुंड्या कोण लावतं?"

पाणी उतरलं. रस्ता निघाला काळा, चिखलट,
शेवाळाच्या चिंध्या अंगावर घेऊन.
तू पँट मोज्यात खोचलीस.
"परतीला डावीकडे वळायचंय कुठे?"
"एकदा. पुलाच्या अलीकडे."
"तिथे मी उतरून ढकलीन."

चालेल, मी म्हटलं.
माझ्या गुडघ्याला तेवढीच विश्रांती.