फुटाला एक सूत

अप्पांच्या पोलादी पट्टीवरचा फूट
बाजारातल्या फुटापेक्षा एक सूत मोठा होता.
लहानपणी मला ती पट्टी खोटी वाटायची.
वहीचा समास आखायला घेतली की ओरडायचे,
"ती नको गं, ती ओतकामाची.
लोखंड निवताना अंग चोरतंय,
त्येची चोरी आधीच धराय लागती लाकडात."

उद्यमबागेत, तिसऱ्या गेटाच्या आत,
पत्र्याच्या शेडात सागवानाचे पॅटर्न करायचे ते:
पंपाची पोटं, झडपांच्या माना,
एकदा तर कुणा साखर कारखान्याचं चाक,
ज्याच्या आत मी बसून डबा खाल्ला.
दस्तगीरमामू मुठीत काळी वाळू दाबायचा,
मूठ उघडून तिची भेग बघायचा,
आणि किती पाणी कमी ते सांगायचा, न मोजता.
शुक्रवारी भट्टी.
शनिवारी अनगोळभर दोरीवरचे कपडे
पुन्हा धुवायला.

भट्टी कधी बंद झाली, तारीख कुणी लिहिली नाही.
आधी शुक्रवार एकाआड एक झाले.
मग आई म्हणाली, कपडे पांढरे राहायला लागलेत,
आणि गप्प झाली.

मामू आता कॅम्पातल्या बेकरीत मैदा मळतो.
अजूनही मूठ उघडून बघतो म्हणे.

त्याच शेडात मी कामाला आहे.
बाहेर चपला काढायच्या, निळे मोजे घालायचे,
आत बारा महिने वीस अंश.
यंत्राच्या बोटाला माणकाचा थेंब आहे,
तो धातूला टेकतो न टेकतो
आणि पडद्यावर आकडा येतो.
पाटीवर कुठली अक्षरं मोठी, कुठली लहान,
यावरून गावात काचा फुटल्या त्या आठवड्यातही
आम्ही भागांवर नुसता नंबर कोरत होतो.
महांतेश सर काचेपलीकडून विचारतात, "सरी ऐती?"
मी म्हणते, "हाय की."

अप्पांना फोटो दाखवला एका भागाचा.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"कुठं बसतंय हे इमानात?"
दाराच्या बिजागरीपाशी.
"मग सुताराचंच काम की."

माळावर मंडप पडला तेव्हा तेही आले होते.
व्यासपीठावरून कुणी सांगितलं,
येत्या पाच वर्षांत दहा हजार हातांना काम.
टाळ्या पडल्या.
अप्पा शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले,
"गरम हाय अजून.
निवल्यावर मोजू."

गेल्या महिन्यात रात्रपाळीला
पट्टी पिशवीतून आत नेली.
नियमात बसत नव्हतं. यंत्र रिकामं होतं.
तिला गार होऊ दिलं दोन तास, मग
माणकाचा थेंब तिच्या दोन्ही टोकांना लावला.
असायला हवी होती तीनशे सात दशांश नऊ सात पाच,
भरली तीनशे सात दशांश नऊ सहा.
चाळीस वर्षं अंगठा घासला होता तिच्यावर.
मला वाटलं, झिजली.

सकाळी चहाला सांगितलं,
अप्पा, तुमची पट्टी पंधरा मायक्रॉन कमी.
"म्हंजे किती?"
केसाचा पाचवा हिस्सा.
बशीत चहा ओतून ते फुंकर घालत राहिले.
वडगावकडून एखाद-दुसऱ्या मागाचा आवाज येत होता.

"तुझ्या खोलीत गारठा असतोय न्हवं?"
असतो.
"मग ती बी आखडली असंल.
आमच्या शेडात पंखा बी नव्हता."

दुपारी झोप येईना म्हणून
वहीच्या मागच्या पानावर गणित केलं,
पाच अंशांच्या फरकाचं.
आकडा आला सतरा.

अप्पा अंगणात मोडक्या खुर्चीचा पाय बसवत होते.
त्यांना सांगायला उठले,
तर त्यांनी वर न बघताच हात पुढे केला,
पट्टीसाठी.