अठरा सेंटिमीटर

एस्टोनियाच्या पश्चिमेला आमचं बेट.
समुद्र गोठला की माझी गाडी
बर्फावरून जाते, पलीकडून पाव आणते.
किनाऱ्यावर पाटी आहे: सीटबेल्ट सोडा.
बाकी जगात बांधा म्हणतात, इथे सोडा,
कारण बुडालात तर
दार ढकलायला अंग मोकळं हवं.

एन्देल रोज पहाटे ड्रिल घेऊन निघतो.
दोनशे पावलं, एक भोक. भोकात पट्टी, वहीत आकडा.
बावीसच्या खाली रस्ता बंद.
रविवारी चर्चची घंटाही तोच वाजवतो.
एकदा मी डिवचलं: देवावर एवढा भरवसा,
मग भोकं कशाला पाडतोस?
वहीवरचा बर्फाचा चुरा फुंकत तो म्हणाला,
"भोकापुरतं मला कळतं.
दोन भोकांच्या मधल्यावरून तू गाडी नेतोस.
तुझा कुणावर आहे?"
मी म्हणालो, आकड्यांवर.
पट्टी मी कधी हातातही धरली नव्हती.

मार्चमध्ये अठरा भरले.
त्यानेच रस्त्यावर लाल दांडा आडवा टाकला.
त्याच संध्याकाळी पलीकडच्या इस्पितळातून फोन:
हिल्या, त्याची बायको. रात्र निघेल का, सांगता येत नाही.
बोट सकाळी. वाऱ्यात हेलिकॉप्टर उडेना.
मी इंजिन चालू ठेवून ओरडलो, बस,
काही होत नाही, धरेल बर्फ!
मी ओरडलो हे.
लग्नसुद्धा कचेरीत केलेला मी.

एन्देलने दांड्यावर हात ठेवला.
"दुपारी मीच मोजलंय.
आता मला रडू येतंय म्हणून
त्याचे बावीस होत नाहीत."
आणि तिथेच, दांड्याच्या अलीकडे,
टोपी काढून उभा राहिला,
पलीकडच्या दिव्यांकडे तोंड करून, पहाटेपर्यंत.
मी इंजिन बंद केलं.
मागून राईचा एक पाव काढला, मोडला, अर्धा त्याला दिला.
त्याने तो खिशात ठेवला. तिच्यासाठी असावा.

हिल्या वाचली का, हे सगळे आधी विचारतात.
मी सांगत नाही.
कुठलंही उत्तर दिलं तरी
लोक लगेच काहीतरी सिद्ध करायला बसतात.

यंदा समुद्र गोठलाच नाही.
तरी चांगल्या डांबरी रस्त्यावर
पाणी दिसलं की माझा हात पट्ट्याकडे जातो
आणि सोडतो.
दोनदा दंड भरलाय.
पोलीस पोरगी कारण विचारते.
तिच्या वहीत
त्याला रकाना नाही.