अकरा फूट मागे

गावठाणातल्या त्या कमानीवर
तांबडी फुली मीच मारली.
रस्ता साठ फुटी व्हायचा होता.
टेपचं एक टोक माझ्याकडे,
दुसरं धरून उभा सांतान किणी,
देवळाची घंटा वाजवणारा.
ते लोकही देऊळच म्हणतात.
नोंदवहीत मी चर्च लिहिलं होतं.

उंची चौदा. रुंदी सात.
सातच का, मी विचारलं.
चार खांदे आणि मधली पेटी, सांतान म्हणाला.
आणि लग्नाचा बँड?
तो एकेक करून येतो, ढोलवाला शेवटी, आडवा.

माथ्यावर दोन दगडी अननस.
एकाला वीज चाटून गेली,
त्या भेगेत पोपट राहतात.
कोनाड्यात पेद्रूबाव.
किल्ली केव्हाच गेली, मूठ आवळलेलीच.
खाली साल : सोळाशे चाळीस आणि वर काहीतरी.
शेवटचा आकडा सांतानच्या बापाला सात वाटायचा,
पाद्रीला एक.
मी रकान्यात लिहिलं, ‘जुने’.

लोखंडी दारात एक दिंडी,
उशिरा येणाऱ्यांसाठी.
वाकल्याशिवाय आत जाता येत नाही.

पाडायची नाही, मागे सरकवायची,
असं ठरलं. कसं ठरलं ते फायलीत नाही.
फायलीत फक्त अकरा फूट.

यल्लप्पा वडाराने एकेक दगड उतरवला,
प्रत्येकावर चुन्याने आकडा घातला, कानडीत.
मला त्यातलं ओ की ठो कळेना.
पेद्रूबाव तेवढे दिवस
पास्कीन बायच्या ओट्यावर, गोणपाटात,
सुकटीच्या टोपल्यांना टेकून.
सणाच्या दिवशी तिने त्याच्यापुढे मेणबत्ती लावली
आणि मांजराला हाकलत बसली.

कमान उभी राहिली तेव्हा
एक दगड उरला.
यल्लप्पाने दोनदा मोजलं.
मग पहारीने खांब ठोकून पाहिला, कान लावला,
म्हणाला, पक्की आहे साहेब, सही करा.
मी सही केली.

रस्ता साठ फुटी झाला.
त्या अकरा फुटांत आता रिक्षा उभ्या असतात,
एकाला एक चिकटून.

मी निवृत्त झालो त्या साली सांतान गेला.
त्याचा मुलगा कतारहून पोचला नव्हता,
एक खांदा कमी होता.
टेप धरलेला माणूस, म्हणून मी पुढे झालो.
दिंडी नव्हे, दोन्ही दारं उघडली होती.
कमानीखाली माझा कोपर दगडाला खरचटला.
पलीकडे त्याच्या भाच्याचाही.
आम्ही थबकलो, तिरके झालो,
ढोलवाल्यासारखे,
आणि आत गेलो.

दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो, एकटाच.
सातला चार बोटं कमी.

ती चार बोटं कुठे गेली, मला ठाऊक आहे.
देवळासमोर, नळाच्या डाव्या हाताला.
पास्कीन बाय त्यांच्यावर बसते,
बोंबील विकते.
दगडाच्या खालच्या अंगाला
चुन्याचा एक आकडा आहे अजून.
तो वाचायचा तर तिला उठवावं लागेल.